चौदावा सोमवार

दर चार तासांनी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, असा गोव्याच्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता. म्हणून शेवंती काजूच्या कारखान्यातून रोज अकराच्या ठोक्याला लेकीला फोन करायची. आज फोन तीनदा वाजून वाजून थांबला. हातातली बी तशीच टाकून ती वेंगुर्ल्याच्या भर उन्हात घरी धावली. अंगणात कोंबड्या घावणे खात होत्या. सकाळी तिनेच नम्रताच्या ताटात वाढलेले घावणे.

आत नम्रता गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर पडलेली. सव्वीस वर्षांची लेक, हरिश्चंद्रबुवांच्या कीर्तनात पेटीवर बसणारी. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"खाल्लंस?"

"खाल्लंय."

"कोंबड्येनी खाल्ल्यानी ता बघलंय मी. माका खोटा सांगू नको."

नम्रताने डोळे मिटले. "आज सोमवार आसा, आई."

हे सोमवार शेवंतीनेच लावून दिलेले. नम्रताच्या पोटात कळा उठायच्या, तेव्हा कुणी अपेंडिक्स म्हणून पोट फाडलं, कुणी दृष्ट काढली, कुणी बाहेरचं आहे म्हणून नारळ उतरवला. कशानेच गुण येईना. शेवटी शेवंतीने देवळात गाऱ्हाणं घातलं होतं, "बा म्हाराजा, माझ्या चेडवाक बरा कर. ता तुझे सोळा सोमवार पाण्याचो थेंब न घेता करीत." बोलली आई, उपाशी राहिली लेक. दर सोमवारी संध्याकाळी दुखणं वाढायचं आणि दोघी म्हणायच्या, देव परीक्षा बघतो. अकराव्या सोमवारी नम्रताला फीट आली. गोव्याच्या इस्पितळात तिची लघवी बाटलीत घालून उजेडात ठेवली, तर ती कोकमाच्या आगळासारखी गडद लाल झाली. तेव्हा कुठे दुखण्याचं नाव कळलं. पोर्फिरिया.

तिथल्या डॉ. सारिका तेव्हा स्टूल ओढून शेवंतीपुढे बसल्या होत्या. "मावशी, तुमच्या मुलीच्या यकृतात एक जनुक आहे. रक्ताचा रंग बनवायच्या कामाला ते सुरुवात करून देतं. पण पुढच्या कामात तिच्या शरीराला जन्मापासून खोट आहे. मग अर्धवट माल साठतो आणि विषासारखा नसांना लागतो. जनुक स्वतः पेशीच्या गाभ्यातून बाहेर येत नाही. त्याची नक्कल बाहेर येते, तिला आरएनए म्हणतात. त्या नकलेबरहुकूम काम चालतं. माणूस उपाशी राहिला की नकला भराभर निघतात. साखर मिळाली की कमी होतात."

शेवंतीचं अर्धं आयुष्य कीर्तनाच्या मांडवात गेलेलं. तिने ते आपल्या परीने बसवून घेतलं. बुवा गाभाऱ्यात. त्यांचं पद टाळकरी उचलून बाहेर आणतो, तेव्हा मांडवाला ऐकू येतं. भूक ओरडते, "आणखी एकदा!" साखर म्हणते, "पुरे रे बाबा."

"आणि ता इंजेक्शन?" तिने विचारलं होतं.

"तेही आरएनएच, पण इवलंसं. ते बरोबर त्याच नकलेला जाऊन चिकटतं आणि तिचे तुकडे होतात. जनुक असतं तिथेच असतं, फक्त त्याचं म्हणणं बाहेर पोचत नाही."

टाळकऱ्याचाच हात धरायचा! काय एकेक देवाची करणी, आणि ती ओळखणारी माणसंही त्याचीच. शेवंतीने तिथल्या तिथे हात जोडले होते. पण ते इंजेक्शन इकडे सहज मिळत नव्हतं. डॉक्टरांनी ते बनवणाऱ्या कंपनीकडे अर्ज केला, त्याला चार महिने झाले. उत्तर एकच, विचार चालू आहे. तोवर उपास बंद. शेवंतीने देवळात जाऊन नाक घासलं, चुकलंय म्हणाली आणि नवस सोडला.

लेकीने मात्र मनातून सोडला नव्हता.

"आज कितवो?" शेवंतीने विचारलं.

"चौदावो. तीन सोमवार झाले परत धरून. अर्ज कित्याक अडकलो, सांग? नवस अर्ध्यार मोडलो म्हणान. आता दोनच रवले, आई. मगे इंजेक्शन येतला."

ज्या औषधासाठी उपास, त्या औषधाची गरज तोच उपास वाढवत होता. शेवंतीला रडू येईना की ओरडता येईना.

तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी शिरोड्याला गेलेली, यायला तास लागणार. डॉ. सारिका फोनवर म्हणाल्या, "तासभर थांबू नका. साखरेचं पाणी, ग्लुकोज, जे असेल ते घोटघोट द्या. ठसका लागला तर थांबा. मी इकडे तयारी करते."

शेवंतीने पेला ओठांशी नेला. नम्रताने दात आवळले. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. "सूर्य बुडाल्यार घेतंय," एवढंच ती म्हणाली.

मग शेवंतीने हरिश्चंद्रबुवांना बोलावलं. सत्तरीचे बुवा धोतर सावरत आले आणि नम्रताच्या उशाशी बसले. "चेडवा, देव काय सावकार आसा? तो भावाचो भुकेलो. तुझ्या रिकाम्या पोटाचा तो काय करतलो? गाऱ्हाणा मी घालतंय, दोष माका लागू दे. घे गो बाय एक घोट."

नम्रताच्या ओठांवर हसू येऊन गेलं. "बुवा, गेल्या सप्त्यात तुमीच सांगलात. शब्द पाळूक हरिश्चंद्र राजान बायल इकली, झिल इकलो. मांडव रडत होतो. मी पेटी वाजवत होतंय, माका सगळा पाठ आसा."

बुवांनी चाळीस वर्षं ज्या आख्यानाने माणसं रडवली, ते आज त्यांच्याच गळ्यात येऊन बसलं. "शेवंते," ते पुटपुटले, "माझा शास्त्र हंय संपला."

नम्रताने पाय हलवायचा प्रयत्न केला. पाय हलला नाही.

शेवंती उठली. तांदळाच्या डब्यातून एक घडी घातलेला कागद काढून आणला. दोन महिने लपवलेला. डॉक्टरांनी तिचंही रक्त घेतलं होतं, त्याचा तो निकाल.

"वाच. नायतर मीच सांगतंय. ही खोट तुका माझ्याकडसून इली. माझ्या आंगात ती निजान रवली, तुझ्यात उठली. काल रातपासून माझ्या पोटात काय नाय. सकाळी चायसुद्धा घेवक नाय, कामाक उशीर झालो म्हणान. आता मी हंयच बसतंय. नवस मी बोललंय, उपास माझो. आजचो, आणि रवलेले दोन."

"आई, वेडी झालंस? तुका पण होयत ता!"

"होवंदे. तुका वाचवूक नाय जमला तर माका तरी कित्याक वाचवू?"

ती धमकी नव्हती आणि नम्रताला ते कळलं. तिला आठवला तो सगळा प्रवास, पोटातला विस्तव, मेलेली बोटं, आणि त्या जागी तिने आईला बघितलं.

"आधी तू घी," ती म्हणाली.

"तू."

"एक तुझो, एक माझो," नम्रता म्हणाली. कोपऱ्यातल्या देवाकडे तिने बघितलं नाही.

गाडी आली, तोवर अर्धा पेला संपला होता. गाडीतल्या माणसाने सलाईनसाठी दोनदा शीर शोधली, मिळाली नाही. तो म्हणाला, घोट चालू ठेवा. सावंतवाडी मागे पडली. नम्रताचा आवाज बसत बसत नुसता वारा झाला, मग तोही गेला. एक चमचा लेकीला, एक स्वतःला, असं शेवंती करत होती. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली. भोंगा वाजत होता, गाडी तसूभर हलत नव्हती.

शेवंतीने चमचा पुढे केला. ओठ उघडेनात.

"नमू. घी गो." उत्तर नाही. "नमू!" तिने गाल थोपटला, छातीला कान लावला. काळीज धडधडत होतं, फार जोरात. परत चमचा नेला. ओठ मिटलेलेच. गेलं, शेवंतीच्या मनात आलं, हातातून गेलं माझं लेकरू.

तेवढ्यात तिला दिसलं की नम्रताचे डोळे उघडे आहेत आणि तिच्याकडे बघत नाहीत. ते चमच्याकडे बघत होते. मघाचा घोट लेकीला दिला होता. स्वतःचा राहिला होता.

शेवंतीने तो चमचा आपल्या तोंडात रिकामा केला. तिने गोड पाणी गिळलं, जीभ बाहेर काढून दाखवली.

नम्रताने ओठ उघडले.