आधी मेन, मग माणूस

इंग्रजी विनोद कळायला इंग्रजी यावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पंच्याऐंशी साली वडगावात आमच्या गल्लीत यायला हवं होतं. मला इंग्रजी येत नव्हतं, आणि विनोद समजावून सांगायची खुर्ची माझी होती.

खुर्ची म्हणजे खरोखरची, लाकडी, हात असलेली. यंत्रमागवाले मल्लाप्पा यांनी गल्लीतला पहिला टीव्ही आणला आणि रविवारी दुपारी त्यावर एक विलायती विनोदी मालिका लागायची. सगळी गल्ली सतरंजीवर बसे आणि मी टीव्हीशेजारी खुर्चीवर, कारण गल्लीतला बी.ए. मी एकटा, तोही इंग्रजी घेऊन. दोनदा नापास झालो होतो हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तिसऱ्यांदा पास कसा झालो हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर मी निपाणीला एका तंबाखूच्या वखारीत इंग्रजी पत्रं लिही. म्हणजे जुनी पत्रं काढून तारीख बदलत असे. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं घरी आलो, की रविवारी पुन्हा विद्वान.

मालिकेत एक टकल्या साहेब होता. तो दर आठवड्याला नवी नोकरी धरी आणि घालवी. तो काय बोले देव जाणे. तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखं बोले. पण टीव्हीच्या आत न दिसणारी माणसं हसायची, तो माझा आधार. आधी मी त्यांच्या मागून हसत असे. मग ध्यानात आलं, हसायच्या जागेआधी साहेब क्षणभर थांबतो. तेव्हापासून मी त्यांच्या आधी हसू लागलो. मांडीवर थाप मारून. मी हसलो की टीव्ही हसे, टीव्ही हसला की गल्ली हसे. विलायतेला हसवणारा मी वडगावातला एकमेव माणूस असेन.

"काय म्हणाला रं परशा?" शेजारची बायाक्का विचारी. ती मागासाठी कांड्यांवर सूत भरण्याचं काम करी आणि तिला गोष्ट अर्धी सोडलेली चालत नसे.

मग मी रचून सांगे. टकल्याला मूलबाळ नाही, बायको माहेरी जायची धमकी देते, सासू जेवायला घालत नाही. एकदा रंगाच्या भरात मी त्याची आईसुद्धा मारली. त्या रविवारी टीव्हीतली माणसं खो खो हसत होती आणि इकडे बायाक्का पदरानं डोळे पुसत त्यांना शिव्या घालत होती. "कुणाची आय मेल्यावर हसत्यात, मुडदे! ह्यांच्यात रीतभात कायबी न्हाय."

एक माणूस मात्र टीव्ही बघत नसे. माझे वडील, तम्मण्णा. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. ते सगळ्यांत मागे, दाराजवळ भिंतीला टेकून बसत आणि सबंध वेळ माझ्याकडं बघत. मी हसलो की त्यांचा चेहरा सैल होई. पोराला साहेबाची भाषा कळते, एवढीच त्यांची मालिका.

त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती, आणि ते बघणं मला सोसत नसे. का, ते सांगतो.

मागाच्या कारखान्यात पोरांना मुळाक्षरांच्या आधी एक गोष्ट शिकवतात. कुणी ओरडलं की त्याच्याकडं धावायचं नाही. आधी मेन, मग माणूस. पहिल्यांदा भिंतीवरचा मेन, म्हणजे विजेचा मुख्य खटका, खाली ओढायचा, माग थांबवायचा, मगच अडकलेल्याला हात लावायचा. म्हणून मेनच्या जवळ कायम एक जण बसलेला असतो. सहा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सकाळी तिथं बसायची पाळी माझी होती. दिवाळीच्या साड्यांची घाई होती आणि आप्पा एकटेच माग चालवत होते. मी म्हणालो, कॉलेजात इंग्रजीचा जादा तास आहे. आप्पा म्हणाले, जा.

तास कॅम्पातल्या थिएटरात होता. सकाळचा इंग्रजी खेळ, विनोदी. पुढच्या रांगेत लष्करातले ऑफिसर आणि कॉन्व्हेंटच्या मुली हसत होत्या, आणि मी त्यांच्याकडं बघून हसत होतो. मध्यंतरात एका ऑफिसरनं माझ्याकडं बघून मान हलवली तेव्हा तर मला आपण अर्धे साहेब झाल्यासारखं वाटलं. त्याच सुमाराला आप्पांची बाही दातेरी चाकात गेली. ते ओरडले. मेनजवळ कुणी नव्हतं.

जादा तासाचं खोटं मी कधी निस्तरलं नाही. उलट त्या खोट्यावर आणखी मजले चढवत गेलो. खुर्ची हा सगळ्यांत वरचा मजला. खाली यायचं म्हटलं तर आप्पांच्या समोरूनच उतरावं लागणार होतं.

एका रविवारी टकल्याला गिरणीत नोकरी लागली. गळ्यात लांबलचक टाय, आणि समोर दोन मोठे रूळ गरगर फिरतायत. तो वाकला, टायचं टोक रुळांत गेलं. साहेब क्षणभर थांबला आणि कॅमेऱ्याकडं बघू लागला. माझी जागा आली. मी मांडीवर थाप मारून कधी नव्हे एवढा मोठ्यानं हसलो. टीव्ही हसला. टाय आत चालला, टकल्याचं तोंड रुळाकडं चाललं, टीव्ही आणखी हसला.

गल्ली हसली नाही. मी वळून बघितलं. बायाक्कानं तोंडावर हात दाबला होता. सतरंजीवरची बापई माणसं गुडघ्यावर उठली होती. कुणीतरी "आई गं" म्हणालं. तेवढ्यात आप्पा उठले, दोन उड्यांत दारापलीकडच्या भिंतीपाशी गेले, आणि डाव्या हातानं मेन खाली ओढला.

पंखा थांबला. टकल्या आक्रसत आक्रसत पांढरा ठिपका झाला आणि विझला.

"सुटला काय रं त्यो?" आप्पांनी मला विचारलं. त्यांचा हात अजून मेनवरच होता.

आप्पांना काही वेडबीड लागलं नव्हतं. ती चित्रातली माणसं आहेत हे त्यांना कळत होतं. पण डोक्याला कळायच्या आत हात गेला होता. ते स्वतःच शरमले, चप्पल पायात सरकवली आणि घरी गेले. कुणीही हसलं नाही. मल्लाप्पांनी मेन वर केला तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालली होती.

घरी आप्पा पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "परशा, तू हसलास. काय म्हणत हुता त्यो?"

मी बोलायला तोंड उघडलं, ते पुन्हा काहीतरी रचायलाच. टकल्या सासूला हाका मारत होता, असं काहीतरी. पण समोर तो तीन बोटांचा हात होता.

"आप्पा, मला कळत न्हाय."

"कुठलं?"

"कायबी. पैल्यापास्नं. ती हसत्यात म्हनून मी हसतोय." आणि मग थांबताच येईना. "त्या रविवारी जादा तास न्हवता. पिच्चरला गेलतो, कॅम्पात. इंग्लिश. हसायचा पिच्चर हुता."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताच्या मोकळ्या जागेवर चोळलं, पावसाळी हवेत चोळत तसं.

"त्यो तरी कळालता काय?"

"न्हाय."

"आरं मग," ते अगदी हळू म्हणाले, "उगंच गेलास की रं."

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. जेवताना त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली, पुढं आमटीही सरकवली. मी आठवडाभर निपाणीत पत्रांवरच्या तारखा चुकवत राहिलो. वखारीचे मालक म्हणाले, शिकलेल्या माणसाचं असंच असतं, ध्यान वर कुठंतरी.

पुढच्या रविवारी मल्लाप्पांकडं जायचं नाही असं मी ठरवलं होतं. आप्पा म्हणाले, "चल." ते नेहमीच्या जागी, दाराजवळ बसले. मी खुर्चीकडं गेलो नाही, त्यांच्या शेजारी भिंतीला टेकलो. खुर्ची रिकामीच राहिली. बायाक्कानं दोनदा मागं वळून बघितलं.

मालिका सुरू झाली आणि टकल्या आला. गळा शाबूत, टायसुद्धा शाबूत, हातात संत्र्यांच्या टोपल्यांची चळत. आता तो फळांच्या दुकानात लागला होता.

"आला! वाचला की गं बाई!" बायाक्का ओरडली आणि मागं वळून आप्पांना म्हणाली, "तम्मण्णा, तुमी मेन वडला म्हनून वाचला बघा!"

सगळी गल्ली मागं वळली. मल्लाप्पांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. आप्पांनी तीन बोटांचा हात उचलून राहू दे, राहू दे असं केलं. त्याच वेळी टकल्याच्या टोपल्या कोसळल्या आणि आप्पा हसले. टीव्हीच्या आधी, माझ्याकडं न बघता, पोट धरून. मी त्यांना असं हसताना सहा वर्षांत बघितलं नव्हतं.

मी गुडघ्यांत डोकं घातलं आणि मला हुंदका आला. दाबला, तर दुसरा आला. विलायत हसत होती, वडगाव हसत होतं, आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला माणूस संत्री घरंगळताना बघून लहान पोरासारखा रडत होता.

"आता गं बया!" बायाक्का म्हणाली. "समदी हसत्यात आन ह्यो रडतोय. इंग्लिश कळतंय न्हवं रं तुला?"

आप्पांनी डोळे टीव्हीवरून काढले नाहीत. हसता हसताच त्यांनी तो हात माझ्या पाठीवर ठेवला.

"आत्ता कळाय लागलंय त्येला," ते म्हणाले.