मऊ सीटांची गाडी

"अहो, बसून तर बघा एकदा," असं म्हणत बायकोने गाडीचं मागचं दार उघडलं आणि आधी स्वतःच आत बसली. नेहमीप्रमाणे तिने सीटवर हात टेकला, कंबर सावकाश खाली सोडली आणि कळ येण्याची वाट बघत थांबली. कळ आलीच नाही. तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, की तिचा नवरा काय ते समजला. गाडी तिला आवडली होती, आता कठीण होतं.

शोरूममधल्या टायवाल्याने ते हसू बरोबर हेरलं. सात माणसं आरामात बसतात, मागे हूक आहे, तुमचं जनरेटर तर ही गाडी खेळण्यासारखं ओढेल, असं तो सांगू लागला. किती ओढते याचे आकडे त्याला तोंडपाठ होते. याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि थांबवते किती?" टायवाल्याला वाटलं गिऱ्हाईक गमत्या आहे. तो मनापासून हसला.

त्याचा धंदा जनरेटरचा. दवाखान्याचं, छापखान्याचं, शीतगृहाचं यंत्र दुरुस्तीला निघालं की तेवढ्या दिवसांपुरतं त्याचं जनरेटर तिथे जाऊन उभं राहायचं. ते होतं चार चाकांच्या ट्रेलरवर. ट्रेलर आपल्या गाडीला जोडायचा, न्यायचा, वायरी जोडायच्या आणि काम झालं की परत आणायचा. इतकी वर्षं त्याने हेच केलं होतं. वीज गेली म्हणून समोरचे लोक कितीही डोक्यावर बसोत, हा आपला शांतपणे नट आवळत असायचा. त्यामुळे धंद्यातले लोक त्याला 'बर्फ' म्हणायचे. घरीही हे नाव पोहोचलं होतं आणि बायको ते सोयीनुसार कौतुकाने किंवा वैतागून वापरायची.

हा बर्फ महिन्याभरापूर्वी वितळला होता, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. डोंगरापलीकडच्या उतारावर ट्रेलरने त्याच्या जुन्या ट्रकला मागून ढकलायला सुरुवात केली होती. त्याने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले, ट्रेलरचे ब्रेकही ओढले, तरी ट्रक ऐकेना. शेवटी कडेच्या मातीच्या ढिगात घुसून तो थांबला. लोक धावत आले तर हा केबिनमध्ये जागेवर बसलेला. वा, काय थंड डोक्याचा माणूस आहे, असं ते आपसात म्हणाले. खरी गोष्ट अशी होती की पायांतलं बळच गेलं होतं आणि त्याला उतरताच येत नव्हतं. घरी त्याने सांगितलं, ब्रेकचा पाइप तुटला, गाडी जरा घासली. तेव्हापासून साधा पुलाचा उतार आला तरी त्याच्या तोंडाला कोरड पडायची. पण बर्फाने भीती वाटते असं सांगायचं तरी कसं?

ट्रक, तसाही जुना झाला म्हणून, भंगारात गेला. घरची छोटी गाडी त्याआधीच, बायकोच्या मणक्याच्या आजारपणात विकावी लागली होती. आता एकच गाडी घ्यायची, तिनेच जनरेटर ओढायचं आणि तिनेच घरच्यांना न्यायचं, असं ठरलं होतं. दोन गाड्या नजरेत होत्या. एक ही, मऊ सीटांची. दुसरी एका ओळखीच्या मेस्त्रीकडची, सीटांच्या दोन रांगांची मालवाहू गाडी, अंगाने जाड, ब्रेक जबरदस्त. तिची मागची सीट म्हणजे फळीला कापड गुंडाळलेलं. मेस्त्रीच्या आवारातल्या साध्या खड्ड्यावरून ती गाडी गेली तेव्हा बायकोने ओठ दातांखाली धरला होता आणि उतरल्यावर म्हणाली होती, "बरी आहे." तिचं 'बरी आहे' म्हणजे काय हे तो लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच शिकला होता.

टायवाल्याने मऊ गाडी एक दिवस वापरून बघायला दिली. योगायोगाने त्याच दिवशी जनरेटर डोंगरापलीकडच्या दवाखान्यात पोहोचवायचं होतं. बायको म्हणाली, आम्हीही येतो, घरची गाडी म्हणजे घरच्यांनी बसून बघायला नको का? नववीतली मुलगी तर आधीच चपला घालून तयार होती. त्याला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं, म्हणून त्याने तोंडात गुळणी धरली.

आपल्या आवारात त्याने ट्रेलर जोडला. मायलेकी मागे बसल्या आणि गाडीचा मागचा भाग चांगलाच खाली बसला. फाटकाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात गाडीचं बूड आपटलं. बायकोने नुसता श्वास आत ओढला. आरशात त्याला तिचे मिटलेले डोळे दिसले. शोरूममधलं ते हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

त्याने गाडी थांबवली, खाली उतरला आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. ट्रेलरवर पुढच्या टोकाला, म्हणजे नाकापाशी, केबलचं जाडजूड रीळ बांधलेलं असायचं. ट्रेलरच्या नाकावर थोडा भार असलाच पाहिजे, हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण. नाक हलकं झालं की ट्रेलर मागे शेपूट हलवायला लागतो. हे त्याने स्वतः कितीजणांना दरडावून शिकवलं होतं. आज मात्र त्याने ते रीळ सोडलं, ढकलत ढकलत मागच्या टोकाला नेलं आणि तिथे आवळून बांधलं. नाक हलकं झालं, गाडी वर उचलली गेली आणि पुढच्या खड्ड्यावरून पाळण्यासारखी अलगद निघाली.

"आता कसं छान," बायको म्हणाली. त्याने मनाला समजावलं, एवढ्याशाने काय होतंय.

चढावर गाडीने खरंच कमाल केली. मुलगी पुढच्या दोन सीटांमधून डोकं घालून गाडीची तारीफ करत होती. सुट्टीत मावशीकडे याच गाडीने जायचं, आजीलाही न्यायचं, मागे आडवंसुद्धा होता येईल, असे तिचे बेत चालले होते. बायकोही त्यात भर घालत होती. तो हं हं करत होता आणि लक्ष सगळं रस्त्याच्या टोकाकडे होतं. माथा जवळ येत होता. माथ्यानंतर आधी एक छोटा उतार, मग खाणीपाशी सपाट रस्ता आणि तिथून पुढे खालच्या पुलापर्यंत नुसता उतारच उतार.

माथा ओलांडला. गाडीने वेग घेतला आणि त्याला आरशात ट्रेलर डावीकडे डोकावताना दिसला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आता जास्त. प्रत्येक हेलकाव्याबरोबर गाडीचं मागचं अंग कोणीतरी धरून ओढल्यासारखं सरकत होतं.

"बाबा, आपण डोलतोय का?" मुलीने विचारलं. तिला गंमत वाटली होती.

ब्रेक दाबायचा नाही, हे त्याला माहीत होतं. आत्ता ब्रेक दाबला तर मागचं सगळं वजन पुढे येऊन गाडीला आडवं करणार. जुन्या ट्रकमध्ये फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचा एक वेगळा दांडा होता. सवयीने त्याचा हात खाली तिकडे गेला आणि बोटांना लागली पाण्याची बाटली ठेवायची खोबण. तेव्हा तो इतका घाबरला की क्षणभर त्याला समोरचा रस्ताच दिसेना. उजवा पाय आपोआप ब्रेककडे जात होता. त्याने तो ओढून मागे घेतला, गिअर खाली टाकला आणि स्टिअरिंग सरळ, नुसतं सरळ धरून ठेवलं. मागून बायकोचा हात आला आणि त्याच्या सीटची कड घट्ट धरून बसला. ती ओरडली नाही. मुलगीही आता गप्प झाली होती. मागे माझी दोन माणसं आहेत, मागे माझी दोन माणसं आहेत, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजत होतं.

खाणीपाशी रस्ता सपाट झाला. हेलकावे एकेक करून कमी झाले. कडेच्या मोकळ्या जागेत गाडी थांबली, इंजिन बंद झालं आणि सगळीकडे खाणीच्या पांढऱ्या धुळीशिवाय काही नव्हतं.

त्याला उतरायचं होतं, पण पाय हलेनात. बायको आधी उतरली, गाडीला धरून धरून पुढे आली आणि त्याच्या बाजूचं दार उघडलं. त्याचे गुडघे थडथड उडत होते. त्याने त्यांवर हात दाबून धरले, तर हातच उडायला लागले. तिने ते पाहिलं.

"तुम्ही रोज असे येता घरी?" तिने विचारलं.

"रोज नाही," तो म्हणाला. मग महिनाभर दडवलेलं बाहेर पडलं. "त्या दिवशी पाइप तुटला नव्हता. ट्रक थांबतच नव्हता. मला वाटलं होतं, संपलं. तेव्हापासून मला उताराची भीती वाटते. फार भीती वाटते."

त्याने पुढचंही सांगून टाकलं, की आज ट्रेलरने शेपूट हलवलं त्यात गाडीचा दोष अर्धाच. रीळ त्याने स्वतः मागे नेलं होतं, तिला धक्के बसू नयेत म्हणून. हे ऐकल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. ती ट्रेलरच्या मागच्या टोकाकडे गेली, रिळावर हात ठेवून उभी राहिली आणि परत आली.

"ते होतं तिथे आणा," ती म्हणाली. "आणि टायवाल्याला सांगा, गाडी नको. ती दुसरी घ्या, लोखंडाची."

"तुझी कंबर?"

"कमरेसाठी बस आहे की. बसला निदान तुमचं जनरेटर जोडलेलं नसतं."

तिने विनोद केला होता. दोघांनाही हसू आलं नाही.

त्याने रीळ पुढे आणून बांधलं. नाकावर भार आला, गाडी पुन्हा मागून खाली बसली. दवाखान्यात माणसं वाट बघत होती. जनरेटर इथे सोडून जाता येत नव्हतं आणि मागे फिरलं तरी माथ्यापलीकडे तेवढाच उतार होता. खाली जाणं भाग होतं. सुरुवातीपासून पहिल्या गिअरमध्ये नेली तर गाडी नीट उतरेल, असं त्याने सांगितलं.

"उतरेल ना?"

एरवी तो चटकन 'उतरेल' म्हणाला असता. आज म्हणाला, "उतरायला हवी."

मुलगी दार उघडून आत बसायला लागली. त्याने तिला हाताने अडवलं. बायको म्हणाली, ती बसने जाऊ दे, मी बसते तुमच्याबरोबर, एकट्याने नका जाऊ. त्याने मान हलवली.

"दोघं एका गाडीत नको. तिला मग..." तो मुलीकडे बघून थांबला. पुढचं त्याला बोलवेना.

बायकोला ते ऐकायची गरजही नव्हती. तिने मुलीचा हात धरला आणि दोघी खाणकामगारांच्या बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. तो त्यांच्यापासून दहा पावलांवर गाडीला टेकून उभा होता, पण निरोप घेऊन झाल्यासारखं कोणीच एकमेकांशी बोललं नाही. मुलीला काय कळलं होतं कोण जाणे. तिने आईची ओढणी मुठीत धरली होती, लहानपणी धरायची तशी.

बस आली ती गच्च भरलेली. बायको एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढली. मागचे लोक चुळबुळत होते. आत बसायला जागा नव्हती, कोणी दिलीही नाही. ती वरचा दांडा धरून, अंग चोरून उभी राहिली. मुलीने खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडून सांगितलं, "बाबा, आमच्या मागे मागेच या हं."

त्याने मान डोलावली. बस गेली, पण तो गाडीत बसला नाही. उतारावर त्याची गाडी थांबली नाही, तर पुढे जे असेल त्याच्यावरच जाऊन आदळणार होती. म्हणून तो कड्याच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिला आणि बस एकेक वळण उतरताना बघत राहिला.

बस खालच्या पुलापलीकडे गेली. तिथे थांबा नव्हता, तरी ती थांबली. दोन माणसं उतरली. एवढ्या उंचीवरूनही कमरेवरच्या हातावरून त्याने मोठीला ओळखलं. धाकटी पुलाच्या तोंडाशी येऊन वर बघत उभी राहिली. मोठी सावकाश चालत तिच्यापाशी आली, तिच्या दंडाला धरलं आणि तिला रस्त्यावरून बाजूला नेलं, शेताच्या बांधापर्यंत आणि मग आणखी आत, रस्त्यापासून चांगलं लांब. तिथे तिने मुलीला आपल्या मागे उभं केलं आणि स्वतः उताराकडे तोंड करून उभी राहिली.

तो गाडीत येऊन बसला. पहिला गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलला.