चाळणीवरची लाट

आबासाहेबांची जिरली ते बरंच झालं, असं मी आजही म्हणते. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

बहात्तर साली नगरच्या एका कॉलेजात आम्ही दोघं पदार्थविज्ञान शिकवायचो. ते विभागप्रमुख, मी नवी. अणूंच्या एकाच थराच्या चुंबकांवर माझं काम चाललं होतं. अशा थरात प्रत्येक अणू म्हणजे एक इवलं चुंबक; एक डुललं की शेजारचं डुलतं, मग त्याच्या शेजारचं, आणि लाट पुढं सरकते. उष्णता वाढली की सगळीच थरथरतात, लाट मंदावते आणि विरून जाते. एकाच थरात शेजारी मोजके, म्हणून लवकर विरते.

हे दाखवायला मी एका फळीवर होकायंत्राच्या सुया ओळीनं बसवल्या आणि फळी तीन बांबूंना टांगली. आमच्या काष्टी गावात खळ्यावर धान्याची मोठी चाळण टांगतात ना, अगदी तशी. फळी हलवली की ती झाली उष्णता.

पुण्याहून पाहुणे येणार होते. ज्याचं काम पटेल त्याला तिथल्या प्रयोगशाळेत जागा मिळणार होती. आदल्या दिवशी आबासाहेब म्हणाले, "चांगुणा, ही मांडणी माझ्या नावानं दाखवू. तू चहाचं बघ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बांबू गावंढळ दिसतात म्हणून त्यांनी फळी सोडवून टेबलावर दोन विटांवर ठेवली. वर विचारतात, "आता हिला उष्णता कशी द्यायची गं?"

"खाली स्पिरिटचा दिवा ठेवा, सर," मी म्हणाले. मुद्दाम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर त्यांनी कडेच्या सुईला टिचकी मारली. लाट झरझर पलीकडं गेली. "आता तापवलं की ही विरेल," म्हणून त्यांनी दिवा लावला. फळी करपली, खोलीभर धूर झाला, लाट मात्र पहिल्यासारखीच धावत राहिली.

पाहुणे खोकत म्हणाले, "अहो, एवढ्याशा आचेनं सुयांना काय होणार? ही मांडणी तुम्हीच केलीत ना?" आबासाहेबांना दरदरून घाम फुटला. मला आतून गारगार वाटलं.

मी दिवा विझवला, फळी पुन्हा बांबूंना टांगली, गदागदा हलवली आणि सुईला टिचकी मारली. लाट चार सुया गेली आणि संपली.

पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ही कुणाची कल्पना?"

"माझी," मी म्हणाले. मग आबासाहेबांकडं वळले. "सर, तेवढं चहाचं बघता का?"