लाल पेन्सिलीचा शेरा

शिक्षकखोलीच्या फलकावर सूचना लागली आणि इतिहासाच्या ज्येष्ठ शिक्षकांना हातातला चहा गोड लागेना. नववीच्या पुस्तकात समलिंगी माणसांच्या इतिहासाचा पाठ येणार होता. त्यासाठी सरांनी वीस वर्षांपूर्वी नदीवरच्या पुलाच्या अभियंत्यावर लिहिलेला पाठ चार पानांवरून दोनवर येणार होता. नवा पाठ लिहिणारी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता शेजारच्या खुर्चीवरची सहकारी. सर्वांनी तिचे अभिनंदन केले. सरांनीही केले, पण मनात तिच्या नववीच्या उत्तरपत्रिकेतल्या चुका मोजीत.

दुखणे पोटाचे होते. तक्रार मात्र त्यांनी मुलांच्या मनाची मांडली. कोवळ्या वयावर हा भार नको, असे निवेदन लिहून त्यावर पालकांच्या सह्या घेतल्या. शिवाय तिच्या पाठात एक कच्चा दुवा त्यांना सापडला होता. तो अभियंताही अशांपैकीच होता असे गावात बोलले जाते, एवढेच तिने लिहिले होते. पुरावा दिला नव्हता. शिक्षण समितीच्या बैठकीत नेमके तेथेच बोट ठेवायचे, असे ठरवून ते आपली जुनी टिपणे पाहण्यासाठी शाळेच्या ग्रंथालयात गेले.

सरांची एक शिस्त होती. वाचलेला प्रत्येक कागद ते जाड कार्डावर उतरवीत. पाठात न घेतलेल्या कार्डावर लाल पेन्सिलीने ‘अनावश्यक’ असा शेरा मारीत. फेकीत मात्र काहीच नसत. ग्रंथपालबाईंनी त्या कार्डांचा खोका पुढे ठेवला आणि निवेदनाचा विषय काढला.

“मनं कोवळी म्हणता, सर. लढाईत किती मुंडकी उडाली, ते याच मुलांकडून पाठ करून घेता ना?”

“तो इतिहास आहे, बाई. हे खाजगी आयुष्य.”

“आणि राजाच्या तीन राण्या? त्या काय सार्वजनिक होत्या?”

सर कार्डे चाळीत राहिले. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुमचा राग पाठावर आहे की पाठ लिहिणारीवर, तेवढं एकदा स्वतःला विचारा.”

उत्तर तयार होते, पण तेवढ्यात एक कार्ड हाती आले. अक्षर सरांचेच, मजकूर अभियंत्याने आपल्या सहचराला लिहिलेल्या पत्राचा: ‘पूल पुरा झाला. गावाच्या आधी त्यावरून तू चालावेस. एकवीस वर्षे एका छताखाली काढली. याहून मोठे काही मी तुला देऊ शकत नाही.’ खाली लाल शेरा: ‘अनावश्यक’. आणि पुस्तकात सरांनी लिहिले होते, ‘कामालाच त्यांनी जीवनसाथी मानले.’

पुरावा नव्हता असे नाही. तो त्यांच्याच खोक्यात होता. कार्ड खिशात गेले असते, तर कोणाला कळले नसते. तिचा पाठ पडला असता, चार पाने राहिली असती.

बैठकीत त्यांनी निवेदन मागे घेतले आणि कार्ड टेबलावर ठेवले. अध्यक्षांनी विचारले, “मग तेव्हा वगळलंत का?”

“मला आवडलेला माणूस मला माझ्यासारखाच हवा होता,” सर म्हणाले. “आणि परवापर्यंत विरोध करत होतो, कारण हा पाठ मी लिहिला नव्हता.”

पाठ मंजूर झाला. टाळ्या तिला मिळाल्या; सरांना थोडे टोचले, नाही असे नाही. पाठावर त्यांचेही नाव घालण्याची तिने गळ घातली. त्यांनी नकार दिला; फक्त कार्डाचे चित्र छापताना लाल शेरा पुसू नये, एवढे मागितले.

नागरिकहो, आपल्या नापसंतीला आपण मुलांच्या हिताचे नाव किती सहज देतो! माणसे इतिहासातून आपोआप नाहीशी होत नाहीत. कोणीतरी पेन्सिल उचललेली असते. ती पेन्सिल आपल्या हातात आहे का, हे ज्याने त्याने पाहावे.