तिसरी पायरी

तपासनिसाने फाटकाची कडी आवाज न करता वर उचलली, आणि त्याचा हात तिथेच राहिला. घरातून हसण्याचा लोंढा आला. एकादोघांचं हसणं नव्हे, चांगले आठदहा गळे एकदम. कुणी टेबल बडवत होतं, कुणाला ठसका लागला होता, आणि त्या सगळ्याच्या वर एक बारीक, धापा टाकत हसणारा म्हातारा आवाज होता. तो ओळखायला त्याला क्षणभर लागला. आईचा होता.

"सण तर उद्या आहे," तो स्वतःशीच म्हणाला.

उद्याच होता. थंडी अंगात मुरली की वर्षातला हा एक दिवस सगळी माणसं धाकट्या भावाच्या घरी, आईजवळ जमायची. तपासनिसाची बायको आणि लेक आदल्या दिवशी सकाळीच पुढे जायच्या, तयारीला म्हणून. तपासनीस दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला पोचायचा. त्याची नोकरी लिफ्ट तपासण्याची, आणि सुट्टीच्या तोंडावर इमारतींची रांगच लागलेली असायची. यंदा मात्र शेवटच्या इमारतीत वीजच नव्हती. तपासणी रद्द झाली, दुपारची बस मिळाली, आणि तो निघाला. कुणाला कळवलं नाही. म्हटलं, दिव्यांच्या माळा लावायला कुणी ना कुणी स्टुलावर चढलं असेल, स्टूल धरायला तरी एक माणूस हवा.

रात्रीचे आठ वाजत आले होते. तो कुंपणाच्या आतल्या झाडापाशी आला. हॉलच्या खिडकीचा पडदा बाजूला सारलेला होता.

आत दिव्यांच्या माळा लागलेल्याच होत्या. कशाही. एक पंख्यावरून लोंबत होती, एक जिन्याच्या कठड्याला तीन वेढे घालून आईच्या खुर्चीच्या पाठीवर उतरली होती. धाकट्याची जुळी पोरं अनवाणी सोफ्यावर उभी होती. टेबलावर मोठा केक होता, पण त्याचा एक कोपराच काय तो शिल्लक. आणि जमिनीवर, पोटावर बशी ठेवून, भोपळ्या बसला होता. भोपळ्या म्हणजे तपासनिसाचा लंगोटीयार, बेकरीवाला. कालच फोनवर म्हणाला होता, "उद्या मान वर करायला फुरसत नाही रे बाबा. परवाच भेटू."

मग तपासनिसाला जिन्यावर त्याचा स्वतःचा तपकिरी कोट दिसला.

दोन वर्षं तो कोट सापडत नव्हता. कपाटं धुंडाळून झाली होती, धोब्याशी भांडण झालं होतं. कोटात त्याची लेक होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात टॉर्च.

"थांबा!" लेक घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ही माळ कुणी लावली? जोड कुठाय? चिकटपट्टी कुठाय? आणि हा फुगा! यात हवा कुणी भरली? परवाना आहे?"

घर हसून लोटपोट झालं.

"साहेब, आधी माझा परवाना बघा," भोपळ्या पोट थोपटत ओरडला. "किती माणसांचं वजन झेपतं, ते लिहिलंय का?"

लेकीने त्याच्या पोटावर टॉर्च मारला, खाली वाकली, खिशातून वही काढून काहीतरी खरडलं. "माणसं चार. किंवा भोपळ्या एक."

"आणि यंदा भेट काय आणलीत, दादा?" भावजयीने पदर नसलेल्या डोक्यावरून पदर घेतल्यासारखं करत विचारलं. "मागच्या वर्षी आग विझवायचं नळकांडं मिळालं. त्याच्या आधी न्हाणीघरातली रबराची चटई. यंदा काय, हेल्मेट?"

"जेवताना घालायचं," लेक म्हणाली. "घास अडकला तर डोकं आपटू नये म्हणून."

तपासनिसाच्या काखेत खोका होता. वीज गेली की आपोआप लागणारा दिवा होता त्यात. त्याने खोका या काखेतून त्या काखेत घेतला.

वेड लागल्यासारखं हसत होते सगळे. त्याची बायकोसुद्धा. ओंजळीत तोंड लपवून, खांदे गदगदा हलवत. पंधरावीस वर्षांत तिला असं हसताना त्याने पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं असेल, आठवत नव्हतं. आणि आई! घरात तो आला की खुर्चीत ताठ बसून 'आलास का बाळ' एवढंच म्हणणारी आई डोळ्यांतून पाणी गाळत मांडीवर थापा मारत होती.

लेक ऐटीत जिना उतरू लागली. तिसऱ्या पायरीपाशी ती थांबली. उजवा पाय पुढे केला आणि टाचेने फळी दाबली. ठक. ठक. ठक. मग भुवया उंचावून सगळ्यांकडे बघितलं.

"घट्ट आहे!" घर एका सुरात ओरडलं.

तपासनिसाने झाडाचं खोड धरलं.

बावीस वर्षांपूर्वी, याच दिवशी, त्याचे वडील माळांचं खोकं घेऊन हा जिना उतरत होते. तिसऱ्या पायरीची फळी उचकटली. सकाळीच ते थोरल्याला म्हणाले होते, "त्या फळीला खिळा मार रे जरा." आणि थोरला म्हणाला होता, "उद्या मारतो." तो उद्या वडिलांना काही दिसला नाही. तेव्हापासून घरात पाऊल टाकलं की तपासनीस आधी जिन्याकडे जायचा. तीनदा दाबायचा. आपण दाबतो हे त्याला ठाऊक होतं. बाकीचे बघतात, हे ठाऊक नव्हतं.

आत आईचं हसणं अर्ध्यावर थांबलं. तिने डोळे पुसले.

"पुरे गं आता," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तो जेवला असेल का गं?"

"जेवले असतील," तपासनिसाची बायको म्हणाली. "साडेसातला जेवतात ते. घड्याळ लावून."

धाकट्याने टाळ्या वाजवल्या. "चला, खरा सण झाला! आता आवरायला घ्या. माळा काढा, सरळ लावा. उद्या अकराला तपासणी."

"सात वर्षं झाली," बायको उठता उठता म्हणाली. "अजून एकदाही सापडलो नाही."

ते वाक्य तिने सहज म्हटलं. दूध उतू गेलं नाही म्हणावं, इतक्या सहज.

तपासनीस परत फाटकापाशी कसा आला, ते त्याला सांगता आलं नसतं. कडी त्याने जशी उचलली होती तशीच, आवाज न करता, खाली ठेवली. रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण मोजतो आहोत. सात वर्षं. सातही वर्षं सणाच्या दिवशी जुळी पोरं जांभया द्यायची, आणि तो म्हणायचा, "सणाला कसल्या जांभया?" सोफ्याखाली फुटक्या फुग्याचा तुकडा निघायचा, आणि तो धाकट्याला म्हणायचा, "केर नीट काढत जा." लेकीचा घसा बसलेला असायचा. तिला त्याने दोनदा डॉक्टरकडे नेलं होतं. लोकांच्या लिफ्टच्या दोरखंडाची एक तार उसवलेली असली तरी ती त्याला दुरून दिसायची. आणि हे?

स्टँडसमोर लॉज होता. त्याने खोली घेतली, बिस्किटांचा पुडा घेतला, पलंगाच्या कडेला बसून सगळा खाल्ला. वही उघडली. दरवर्षी सणाच्या पानावर तो घरातले दोष लिहायचा, क्रमाने, म्हणजे धाकट्याला एकेक सांगता येतील. यंदाच्या पानावर त्याने तारीख लिहिली. बराच वेळ पेन हातात होतं. मग टोपण लावून ठेवलं.

सकाळी अकराच्या ठोक्याला त्याने फाटकाची कडी उचलली. या वेळी जोरात.

"आलात?" बायकोने दार उघडलं. "बस वेळेवर होती?"

"होती."

माळा सरळ लागल्या होत्या, फूटपट्टी धरल्यासारख्या. सोफ्याचं कापड ताणलेलं. टेबलावर अख्खा, नवा केक. भोपळ्या नव्या शर्टात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता, हात मांडीवर, फोटो काढायला बसवल्यासारखा. जुळ्यांपैकी एकाने जांभई दिली आणि चटकन तोंडावर हात ठेवला.

"आलास का बाळ," आई म्हणाली. ताठ बसून.

त्याने वाकून तिला नमस्कार केला. खोका धाकट्याच्या हातात दिला. "दिवा आहे. वीज गेली की लागतो."

"वा, उपयोगाची वस्तू," धाकटा म्हणाला. भावजयीने खिडकीबाहेर बघितलं.

मग सगळे थांबले. कुणी ठरवून नाही. पण प्रत्येकाचं अंग किंचित जिन्याच्या बाजूला वळलं, गाडी येणार त्या दिशेला फलाटावरची माणसं वळतात तसं. लेकीने पाण्याचा पेला आणून त्याच्या हातात दिला. त्याने तो सावकाश प्यायला. पेला परत केला. आणि जिन्याकडे न बघता भोपळ्याशेजारच्या खुर्चीत बसला.

"काय रे, थकलास?" त्याने विचारलं.

"हो, म्हणजे... काल फार काम," भोपळ्या म्हणाला. "भट्टी सोडता आली नाही."

"असेल."

धाकट्याने खोका खाली ठेवला, परत उचलला. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली. वरच्या माळेचा एक दिवा फडफडत होता. तपासनिसाने तो बघितला, सगळ्यांनी त्याला बघताना बघितलं, आणि त्याने नजर परत भोपळ्याकडे वळवली.

जुळ्यांपैकी धाकटीला राहवलं नाही. "काका, तुम्ही पायरी नाही दाबली?"

"गप गं," भावजय म्हणाली.

"अरे हो," आई म्हणाली. "तपासायचं राहिलंच की रे. दाब बघू, म्हणजे पानं घ्यायला बरं."

तपासनिसाने आईकडे पाहिलं. मग लेकीकडे. लेकीच्या हातात रिकामा पेला होता.

"कालच झाली की तपासणी," तो म्हणाला. "चांगली केली हिने. तीनदा दाबली. घट्ट आहे."

पेला पडला नाही. लेकीने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. भोपळ्या अर्धवट उठला आणि तसाच, गुडघे वाकवून राहिला. बायकोने दाराची चौकट धरली. तिच्या चेहऱ्याचा रंग असा उतरला होता की तपासनिसालाच वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. धाकटा म्हणाला, "दादा, अरे, आम्ही..." आणि त्याने हातातला खोका टेबलावर ठेवून दिला.

आई खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली. कुणी धरायला आलं तर तिने हातानेच नको म्हटलं. पावलं टाकत ती त्याच्यापर्यंत आली, त्याच्या समोर उभी राहिली, आणि लहानपणी शाळेतून उशिरा आल्यावर बघायची तसं वाकून त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

"म्हणजे काल आला होतास."

"हो."

"मग जेवलास कुठे?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. हात अंगातल्या कोटाच्या खिशात गेला, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आतला बिस्किटांचा रिकामा पुडा चुरचुरला.