जित्या बाईचा फोटो

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. चिमणाबाई त्यांचं नाव. पेठ वडगावजवळच्या आमच्या गावातली दूध संस्था त्यांच्या मनगटावर उभी राहिली. संस्थेच्या हॉलमध्ये मात्र सगळे मिशीवालेच भिंतीवर आहेत. त्यात माझे सासरे गणपतराव, म्हणजे आमचे मामाही आहेत. गणपतरावांनी राजदूत मोटारसायकलवरून कोल्हापूरला दूध पोचवलं, असं दरवर्षी भाषणात सांगतात. मामांना सायकलसुद्धा धड येत नव्हती. गाडी आत्या चालवायच्या, काष्टा घट्ट खोचून.

संस्थेचा सुवर्णमहोत्सव ठरला तेव्हा आत्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं. माझा पण गाडीवरचा फोटो लावा, म्हणाल्या. चेअरमन बाळासो आमच्या भावकीतला, आत्यांचा पुतण्या लागतो. त्यानं गोड हसून सांगितलं, की जिवंत माणसाचा फोटो लावायचा संस्थेत नियम नाही. आणि गाडीवरचा फोटो आहे तरी कुठं, असंही वर विचारलं. मला असा राग आला म्हणून सांगू.

फोटो होता. आत्या दूध पोचवायच्या त्या काळात एक सरकारी डेअरी अधिकारी गावोगाव पडद्यावर चित्रं दाखवत फिरायचे. त्यांनी आत्यांचा फोटो काढून त्याची स्लाइड पोस्टानं पाठवलेली. पुठ्ठ्याच्या चौकटीत एवढीशी रंगीत फिल्म. उजेडाला धरली की गाडीवर कुणीतरी बसलंय, एवढंच कळायचं.

कोल्हापुरातल्या एका स्टुडिओवाल्यानं ती ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलनं फोटो काढला आणि त्यावरून प्रिंट दिली. त्यात आत्या कुठल्या आणि दुधाचे कॅन कुठले, ते देवालाच ठाऊक. पुण्यात चांगलं करून देणारा एक जण सापडला, पण त्यानं सांगितलेल्या पैशात आमच्या गोठ्यात एक वासरू आलं असतं. मग मी म्हटलं, आपणच करू.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. आता सगळे एक्स-रे संगणकावर दिसतात, त्यामुळं फिल्म बघायचा उजेडाचा डबा अडगळीत पडला होता. तो विचारून घरी आणला. माझा चुलतभाऊ ऋतुराज लग्नाचे फोटो काढतो. त्यानं मुंगीचेही पाय दिसतील अशी लेन्स लावून कॅमेरा वरून खाली रोखला. आम्ही मऊ ब्रशनं स्लाइडवरची धूळ झाडली आणि ती पेटत्या डब्यावर ठेवली. आत्यांचा चेहरा नीट आला की कॅन पांढरेफटक पडायचे, कॅन नीट आले की चेहरा काळाठिक्कर. शेवटी ऋतुराजनं दोन्ही वेगवेगळे टिपून संगणकावर एकत्र जोडले. पडद्यावर आत्या मोठ्या झाल्या तेव्हा मी रडले. हँडलवरची मूठ, गाडीचा नंबर, कॅनवर रंगवलेलं संस्थेचं नाव, सगळं लख्ख वाचता येत होतं. गाडीवर दुसरं कुणीही नव्हतं.

लग्नाचे अल्बम छापणाऱ्या लॅबमध्ये मोठी प्रिंट अगदी स्वस्तात होते. ऋतुराजनं फाइल आणि खाली छापायचं नाव पाठवलं. मी फोनवर बजावलं, की बाई सावळी आहे, तिला गोरं करायचं नाही. एवढंच बजावलं, तिथंच चुकलं.

कार्यक्रमाच्या सकाळी फ्रेम आली. प्रिंट इतकी सुरेख, की रस्त्यावरच्या धुळीचा कणन् कण दिसत होता. रंग जराही बदललेला नव्हता. पण कडेनं चंदनाचा हार छापला होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: कै. चिमणाबाई.

मी लॅबवाल्याला फोनवर धुऊन काढला. तो शांतपणे म्हणाला, "म्याडम, एवढा मोठा फोटो लोकं गेल्यावरच करत्यात की." संध्याकाळपर्यंत दुसरी प्रिंट देतो म्हणाला. आत्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"ह्योच लावायचा," त्या म्हणाल्या. "आता नियमात बसतोय न्हवं?"

पाहुणे यायच्या आधी आत्या, ऋतुराज आणि मी अशा तिघांनी जाऊन फोटो मामांच्या शेजारी ठोकला. आत्या नवं लुगडं नेसून त्याच्याखाली उभ्या राहिल्या. बाळासो एकेका फोटोला हार घालत आला. 'कै.' वाचलं, खाली बघितलं आणि हार हातातच राहिला. हॉलमध्ये बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी उठून जवळ येऊन गाडीचा नंबर वाचला आणि माना डोलावल्या.

"काकी, ह्यो हार घालू कुणाला?" बाळासो हळूच म्हणाला.

"फोटोलाच घाल," आत्या म्हणाल्या. "जित्या बाईच्या गळ्यात घालायची छाती असती, तर तुमी नियम कशाला काढला असता?"

बाळासोनं फोटोला हार घातला. माइकवरच्या माणसाला भाषणात राजदूत कोण चालवायचं ते बदलून सांगावं लागलं. जेवायची वेळ झाली तेव्हा कै. चिमणाबाई पुरुषांच्या पहिल्या पंगतीत मधोमध जाऊन बसल्या आणि वाढप्याला म्हणाल्या, "बासुंदी वाढ की, थांबलास कशाला?"