काखेतली जाळी

मी शिंपी आहे. नवे कपडे शिवायचे दिवस गेले, आता नुसती दुरुस्ती: चेन बदलणे, कंबर सैल करणे, फाटलेलं झाकणे. आणि मला एक वाईट खोड आहे. दुसऱ्याने शिवलेला कपडा दिसला की तो उलटा करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. लग्नाला गेलो तरी नवरदेवाच्या कोटाची शिवण बघतो. बायको म्हणते, "माणसांचे चेहरेही बघा कधी." चेहरे उसवून परत शिवता येत नाहीत, म्हणून मी त्यांच्या वाटेला जात नाही.

सून आमची इस्पितळात एक्स-रे काढते. सकाळची पाळी सातला, अंतर नऊ किलोमीटर, आणि बाईसाहेब जाणार सायकलने. भर थंडीतसुद्धा. घरातून निघालं की मोठा चढ, तो संपला की नदीवरचा लांब पूल. चढावर घाम, पुलावर वारा. गेल्या हिवाळ्यात ती दोन स्वेटरवर रेनकोट चढवून जायची आणि पोचल्यावर आतला शर्ट पिळायची. यंदा तिने ठरवलं, एकदाच नीट जॅकेट घ्यायचं.

महिनाभर तिचा अभ्यास चालला. जेवताना ताटाशेजारी फोन, उशीखाली वही. छातीला आणि बाह्यांना वारा अडवणारं कापड. पाठीला पातळ, घाम बाहेर सोडणारं. काखेत जाळी. मागची बाजू लांब, म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही. सॉफ्टशेल म्हणतात त्याला. "बाबा, वारा येतो समोरून आणि घाम येतो पाठीला. म्हणून दोन वेगळी कापडं," ती मला समजावत होती. मी मान डोलावली. मनात म्हटलं, कालची पोर मला कापड शिकवतेय.

मुलगा म्हणाला, "एवढं वाचून शेवटी चुकीचंच घेशील तू. तुला निवडता येत नाही." ती हसली. आम्ही सगळेच हसलो.

पार्सल आलं. तिने ते एकदा अंगावर चढवून आरशात पाहिलं, खुंटीला अडकवलं आणि सोमवारपासून घालायचं ठरवून त्या दिवशीच्या दुपारच्या पाळीला गेली. दुपारी मी सवयीप्रमाणे ते उलटं केलं. पाठ इतकी पातळ की उजेडाला धरल्यावर माझी बोटं दिसली. आणि काखेत चक्क भोकं! मला हसू आलं, मग कीव आली. पोरीला फसवलं, समोरून बरं कापड लावलं आणि मागे वाचवलं. आता ही थंडीत कुडकुडणार आणि नवऱ्याचे टोमणे खाणार.

म्हणून मी ते दुकानात नेलं. माझ्याकडे काळं रेनकोटचं कापड पडून होतं. त्याचा एक तुकडा पाठीला आतून, दोन काखेत, त्यावर काळं मऊ अस्तर. बाहेरून जाळी तशीच दिसत होती. आतून टाका असा घातला की कंपनीच्या माणसालाही वाटावं, हे आमचंच. संध्याकाळपर्यंत जॅकेट खुंटीला परत. कोणाला सांगितलं नाही. चांगलं काम केल्यावर गवगवा करू नये, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तिला सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, हेही मला ठाऊक होतं.

पहिल्या आठवड्यातच ती म्हणाली, "चिंब होतंय हो आत." दुसऱ्या आठवड्यात तिला सर्दी झाली. मी म्हटलं, "सवय होईल." तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच्याच मशीनसमोर उभी राहिली आणि तिच्या मैत्रिणीने तिच्या छातीचा फोटो काढला. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, सर्दी आधीची होतीच, पण रोज ओल्या अंगाने पुलावरचा वारा खाल्ला, त्याने बरं होणं तर सोडाच, ती छातीत उतरली. तेव्हा मी तिच्या पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. पुढे त्यांनी गोळ्यांबद्दल काय सांगितलं ते मला आठवत नाही.

सहा आठवडे ती घरात होती. भिंत धरून न्हाणीघरात जायची. रात्री तिच्या खोकल्याने मला जाग यायची आणि मी पांघरुणात हातांच्या मुठी करून पडायचो. मुलगा रोज म्हणायचा, "मी सांगत होतो. चुकीचं घेतलंस." आणि ती म्हणायची, "हो रे. माझंच चुकलं." ते "माझंच" मला सुईसारखं टोचायचं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर घास गिळवत नव्हता. तरी मी बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा तर, ती झोपलेली असताना सगळं उसवून टाकावं असंही मनात आलं. म्हणजे एक चोरी लपवायला दुसरी.

बरी झाल्यावर ती मला म्हणाली, "बाबा, दुसरं जॅकेट घ्यायचंय. या वेळी तुम्ही चला, तुम्हीच निवडा. तुम्हाला कापडातलं कळतं."

नाही म्हणायला जीभ उचलली नाही.

सायकलच्या दुकानात वरच्या मजल्यावर कपडे होते. विकणारी मुलगी स्वतः सायकल चालवणारी, पोटऱ्या बघूनच कळत होतं. सुनेने पिशवीतून जुनं जॅकेट काढलं. "रोज मोठा चढ, मग नदीवरचा पूल. यात मला खूप घाम साचला. ह्यात काय चुकलं ते सांगा, म्हणजे परत तसं घेणार नाही."

मुलीने जॅकेट हातात घेतलं. "पण हे तर चांगलं आहे. तुमच्या रस्त्याला मी हेच दिलं असतं." तिने रॅकवरून तसलंच नवं काढलं. "आम्ही एक साधी परीक्षा करतो. पाठीच्या कापडाला तोंड लावायचं आणि जोरात फुंकर मारायची. पलीकडे हाताला लागली तर कापड श्वास घेतंय."

"बाबा, तुम्ही फुंका," सून म्हणाली. "माझ्या छातीत अजून जोर नाही."

मी फुंकलं. पलीकडे तिने तळहात धरला होता. "लागली!" ती म्हणाली. "गरम लागली."

मग जुनं. मी माझ्याच टाक्यांना तोंड लावलं आणि फुंकलं. गाल फुगले, कान लाल झाले. तिचा तळहात तसाच होता. "काहीच नाही," ती म्हणाली. "बाबा, नीट फुंका ना."

मी नीट फुंकत होतो.

दुकानातल्या मुलीने जुनं जॅकेट उलटं केलं, नव्याशेजारी ठेवलं, अस्तरावरून बोट फिरवलं. "नव्याला हे अस्तर नाहीये. तुमच्याच नगात काहीतरी गडबड आहे. कंपनीला परत पाठवा, बदलून देतील."

बघा, मला किती सोपी वाट मिळाली होती. दोष कंपनीचा, सुटका माझी, नवं जॅकेट तिला. पण सून त्या अस्तराकडे बघत होती आणि म्हणाली, "घातलं तेव्हा मलाच कळायला हवं होतं. मी एवढं वाचलं होतं. नवरा म्हणतो ते खरंच आहे, मला निवडता येत नाही."

"ते अस्तर मी लावलंय," मी म्हणालो.

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. दुकानातली मुलगी शहाणी, ती हँगर उचलून पलीकडे गेली.

"कधी?" सुनेने विचारलं.

"पार्सल आलं त्याच दुपारी. पाठीला आणि काखेत. आत रेनकोटचं कापड आहे."

"मला विचारलं का नाही?"

थंडी वाजेल म्हणून, काळजीपोटी, असं काही काही ओठांवर आलं. पण तिची बसलेली गालफडं समोर होती. "मला वाटलं, तुला काय कळतंय," मी म्हणालो.

"सहा आठवडे, बाबा," ती म्हणाली. "सहा आठवडे तुम्ही ऐकत होतात." तिने जॅकेट पिशवीत भरलं. "घरी उसवा. आणि तो घरी असेल तेव्हा उसवा."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी जॅकेट पसरून बसलो. मुलगा आला. "काय, नवीन नाही आणलं?" मी टाके कापत कापत सगळं सांगितलं. चष्म्यावर ओल येत होती. बायको हातातला पेला तसाच धरून उभी होती.

मुलगा हसला. "एवढंच ना? अगं, काळजीपोटी केलं त्यांनी. त्यात काय एवढं."

सून त्याच्याकडे बघत राहिली, आणि ती काय बघत होती ते मलाही दिसलं. तिची चूक सहा आठवडे टिकली. माझी एका वाक्यात माफ झाली, आणि तीही त्याने केली, जिच्या छातीत दुखलं तिने नाही.

"काळजी नाही रे," मी म्हणालो. "तिला कळत नाही, असं मी धरूनच चाललो. तिने बरोबर निवडलं होतं, मी बिघडवलं. आणि 'तुला निवडता येत नाही' हे तू माझ्याकडूनच शिकलास. तुझ्या आईला मी साधी चादर घेतानाही तेच म्हणायचो."

"पडद्यांच्या वेळीही," बायको म्हणाली आणि पेला खाली ठेवला.

मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो सुनेकडे वळून काहीतरी बोलू लागला, पण तिने हात वर केला. "आज नको." शेवटचा तुकडा निघाला तशी तिने जॅकेट उचललं आणि आत गेली.

सोमवारी ती परत कामाला लागली. रोज निघताना दारातून "बाबा, येते" म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही. मी दुकान उघडलंच नाही. दुपारी सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. ती आत आली, नाक लाल, श्वास लागलेला पण खोकला नाही. जॅकेट काढून तिने खुंटीला अडकवलं आणि बूट सोडायला बसली.

माझा हात सवयीने पुढे गेला. मग मी तो मागे घेतला. आयुष्यभर कपड्याला हात लावायला मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"बघू का हात लावून?" मी विचारलं.

तिने एका बुटाची नाडी सोडली. मग दुसऱ्याची. मी उभाच होतो.

"बघा," ती म्हणाली.

पाठ कोरडी होती.